वहिनीचं दुसरं लग्न

माझ्या भावाचं एकाच बाईशी दोनदा लग्न झालं, आणि त्यातलं दुसरं सरकारी कागदावर लिहायची चूक माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कित्येक वर्षं घरात हा दोष कधी काकांवर, कधी भटजींवर आणि बहुतेक वेळा सरकारवर ढकलला जायचा. अर्ज मी टाइप केला होता. खाली दोन सह्या होत्या, पण अक्षर न् अक्षर माझं होतं.

पन्नासची सालं संपत आली होती आणि मी एकोणीस वर्षांची होते. आमचं घर बंगळुरात बसवनगुडीला. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं वडील म्हणायचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण त्यात कानडी इतकं मुरलं होतं की पुण्याहून कुणी आलं की आमचं बोलणं ऐकून आधी हसायचं आणि मग काय म्हणालात म्हणून विचारायचं. लिहायचं झालं तर आई कानडीत लिहायची. मराठी लिहायला ती शिकलीच नव्हती.

वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात आई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठा भाऊ, त्याला मी अण्णा म्हणायचे. मागच्या खोल्यांत काका-काकू राहायचे. अण्णा सरकारी कारखान्यात होता. तिथून त्याला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपताना त्याचं मला इंग्रजीत पत्र आलं: मी इथल्या एका मुलीशी लग्न केलं, आईला तू नीट सांग.

नीट सांगण्याचा माझा स्वभाव नव्हता. मी पत्र स्वयंपाकघरात नेलं आणि सरळ मराठी करत वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "कुठली तारीख म्हणालीस?" मी सांगितली. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं, मी परत सांगितली. मग तिनं दारामागच्या खिळ्यावरचं पंचांग काढलं. ती दिवसातून चार वेळा पंचांग बघायची, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी अण्णाच्या फोटोत गुंतले होते. त्याच्या शेजारची मुलगी त्याच्याहून दोन बोटं उंच होती.

आईचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "लिही त्याला, कचेरीत सही करून लग्न होत नाही. इथं आल्यावर लागेल ते लग्न."

मला संताप आला. मी कॉलेजात शिकत होते, वाचनालयातली निम्मी पुस्तकं संपवली होती आणि जगातल्या सगळ्या आयांना बुरसटलेलं समजायचे. माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी आईला म्हटलं, "तुला सून नको आहे, एवढंच सांग की." आईनं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं ही तिची सवय होती आणि ते मला कबुलीसारखं वाटायचं.

अण्णा आणि वहिनी मार्गशीर्षात आले. वहिनीला आमच्या दारातून वाकून आत यावं लागलं. मग तिला ती सवयच लागली आणि ती उंच दारातूनही वाकून जायची. पहिल्या आठवड्यात तिनं स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि काकूंना लाज आणली. मराठी ती माझ्याकडून शिकायची. वस्तूकडे बोट दाखवायची, मी शब्द सांगायचे, ती वहीत लिहून घ्यायची. त्यातले निम्मे शब्द कानडी होते हे तिला फार पुढे कळलं.

तिच्या पेटीत एका तरुण माणसाचा फोटो होता, सायकल धरून उभा. आईनं एकदा तो हातात घेतला आणि मला विचारायला लावलं, हे कोण? तिचे वडील. लढाईत रशियाकडे गेले, परत आले नाहीत. "गेले का?" आईनं विचारलं. वहिनी म्हणाली, ठाऊक नाही. कागद आला नाही, माणूसही आला नाही. तिच्या आईनं दहा वर्षं वाट पाहिली आणि मग ती बटाट्याच्या शेतावर कामाला जाऊ लागली, कारण वडिलांचं सगळ्यात आवडतं काम ते होतं आणि आवडतं खाणंही बटाटाच. आईनं फोटो होता तसा ठेवला आणि वरून पदरानं काच पुसली.

एवढं सगळं असून आईनं त्या दोघांना वेगळं ठेवलं. वहिनी माझ्या खोलीत, अण्णा पुढच्या पडवीत. तीन महिन्यांचं लग्न झालेली माणसं! वहिनी पहिल्या दिवशी हसली. तिसऱ्या दिवशी ती हसेना. तिनं मला विचारलं, असं का? मी इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, "माझी आई तुमचं लग्न मानत नाही."

"लग्न मानत नाही, की मला मानत नाही?"

"एकच आहे ते," मी म्हटलं.

अर्जातल्या चुकीबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. या तीन शब्दांच्या उत्तराबद्दल मात्र अजून वाटतं. त्या दिवसापासून वहिनी आईशी बोलताना हात मागे बांधून उभी राहायला लागली, शाळेतल्यासारखी.

आईनं घाई केली. माघातला पहिला मुहूर्त मिळाला तो धरला, मैसूरच्या मावशीलासुद्धा यायला सवड दिली नाही. भटजींनी होम केला, आधी वहिनीला आमच्यात घेतलं आणि मग लग्न लावलं. काका-काकू बोहल्याजवळ बसले. आई विधवा, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तिथून जेवढं दिसेल तेवढं बघत. तिनं पुढं यायचं नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सूनमुख, लक्ष्मीपूजन सगळं यथासांग झालं. ताटात तांदूळ पसरून अण्णानं अंगठीनं वहिनीचं नवं नाव लिहिलं. ते आईनं निवडलं होतं. मी इथं लिहीत नाही, पण त्या नावाचं कौतुक वहिनीला फार होतं. ती दुपारभर कानडी अक्षरांत ते गिरवत बसायची.

त्या रात्रीपासून अण्णा आपल्या खोलीत परतला आणि मला माझी खोली परत मिळाली.

आता व्हिसाचं. वहिनीला सहा महिन्यांचा व्हिसा होता. अण्णा म्हणायचा, माझी बायको आहे, तिला कोण हाकलतंय? हे वाक्य त्यानं पौषात म्हटलं, माघात म्हटलं आणि फाल्गुनातही म्हटलं. चैत्र निम्मा झाल्यावर वहिनीनंच पासपोर्ट उघडून शिक्का त्याच्या नाकासमोर धरला. मग धावाधाव. नवऱ्याबरोबर राहायची परवानगी हवी असेल तर परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलिसांच्या कचेरीत अर्ज करायचा होता. अण्णा छापील नमुना घेऊन आला, माझ्या हातात दिला आणि कामावर गेला. मी गांधीबाजारात टायपिंगच्या क्लासला जायचे. घरातल्या सगळ्या अर्जांचा मक्ता माझ्याकडे होता.

नमुन्यात प्रश्न होते. पत्नीचं नाव. लग्नाची तारीख आणि ठिकाण. लग्नाचा पुरावा. मी आईला विचारलं, "तारीख कुठली घालू?"

"माघातली. आणखी कुठली?"

"आणि तो जर्मन कागद जोडू का?"

"नको." ती इतक्या झटकन म्हणाली की मी मान वर केली. "तो कुणाला वाचता येणार आहे इथं? भटजींचा दाखला आहे की. तो जोड."

मला ते पटलं. आईचं म्हणणं मला क्वचितच पटायचं, तेव्हा पटलं की मी फार उत्साहानं करायचे. मी माघातली तारीख घातली. ठिकाण बसवनगुडी. पत्नीचं नाव म्हणून तांदळावरचं नाव मोठ्या अक्षरांत, एकही चूक न करता. भटजींचा दाखला जोडला. अण्णानं न वाचता सही केली. वहिनीनं तर नव्या नावानं सही केली आणि ती नीट आली म्हणून मला दाखवली. असा तो अर्ज आम्ही तिघांनी मिळून बिघडवला, आणि चौथीचा, आईचा, त्यात काय हेतू होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. अण्णाला रजा नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून मी गेले. कचेरी कंटोनमेंटच्या बाजूला होती, व्हरांड्यात गुलमोहराच्या पाकळ्या उडून येत होत्या. अधिकारी पन्नाशीचे, चष्म्याआड डोळे थकलेले, कपाळावर कोळशाची बारीक उभी रेघ आणि खाली अक्षत. म्हणजे घरून पूजा करून येणारा माणूस. त्यांनी पासपोर्ट टेबलावर डावीकडे ठेवला, अर्ज उजवीकडे ठेवला आणि वहिनीला इंग्रजीत विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?"

वहिनीनं दोन्हीकडे बोट दाखवलं.

"तसं चालत नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट आम्हाला समजावं म्हणून हळू बोलले. "ही पासपोर्टवरची बाई डिसेंबरात बोटीतून उतरली, तेव्हाच ती या अर्जदारांची पत्नी आहे. आडनाव यांचं, व्हिसावर तसं लिहिलंय. आणि ही अर्जातली बाई फेब्रुवारीत यांची पत्नी झाली. नाव वेगळं, लग्न वेगळं, गाव वेगळं. नवरा मात्र एकच. आता नवा कायदा आलाय, हिंदूला एकच बायको. आणि तुमचा भाऊ सरकारी कारखान्यात आहे. मी हा कागद असाच पुढे पाठवला तर त्याला आधी तिथून पत्र येईल."

मी म्हटलं, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ते म्हणाले, आमच्यातही बदलतात, मला काय सांगता. पण लग्न झालेल्या बाईचं परत लग्न कशाला लावलं, हे कुणीतरी मला सांगितलं पाहिजे. मी म्हटलं, आईची इच्छा. ते म्हणाले, मग आईंना आणा. पहिल्या लग्नाचा कागद भाषांतर करून आणा, आणि ज्यांनी दुसरं लावलं त्यांनी समक्ष येऊन लिहून द्यायचं, की सून पहिल्या लग्नापासूनच सून आहे आणि दुसरं कशासाठी होतं. मुदत संपायला बारा दिवस होते. बारा दिवसांत झालं नाही तर वहिनीनं देश सोडायचा आणि तिकडून नव्यानं अर्ज करायचा. त्याला किती लागतील ते त्यांनाही सांगता आलं नाही.

परतताना बसमध्ये वहिनी गांधीबाजार आल्यावर म्हणाली, "तुझी आई कशी लिहून देईल? ती तर तसं मानतच नाही." माझेच शब्द होते.

आईला मी सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. "मी येणार नाही," म्हणाली.

"का?"

"काकांना ने. ते सांगतील."

"त्यांनी लावलेलं नाही, तू लावलंस. तुझ्या हट्टापायी तिला परत जावं लागेल. अण्णाची नोकरी जाईल. तेवढ्यासाठी तुला कोर्टात नाही जायचं, एका माणसासमोर तोंड उघडायचंय. लग्न आधीच झालं होतं, एवढं म्हण की. खोटंसुद्धा नाही ते!"

"स्वल्प हळू बोल," आई म्हणाली. "ती ऐकेल."

"ऐकू दे! तिला काय नवीन आहे?"

दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. अण्णा घरात पाय आपटत फिरायचा, पण आईसमोर आला की मांजर व्हायचा. त्या दोन दिवसांत मी आणि वहिनी रेल्वेनं के. आर. पुरमच्या पुढे व्हाइटफील्डला गेलो. तिथे एका बंगलीत एक म्हाताऱ्या मिशनरी बाई राहायच्या, त्यांना जर्मन यायचं. त्यांनी कागदाचं इंग्रजी करून दिलं, चहा दिला आणि बागेतली जांभळं दिली. परतताना वहिनी खिडकीशी बसून म्हणाली, "आईंची इच्छा नसेल तर त्यांना भाग पाडू नका. मी जाईन." घरी आल्यावर तिनं पेटी उघडून लोकरीचे कपडे वर काढून ठेवले. मे महिन्यात लोकरीचे कपडे बाहेर आलेले आईनं पाहिले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. आई दुपारी राहुकाळ गाठून एकटीच बनशंकरीला गेली. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर, बस जिथं सोडायची तिथून बरंच चालावं लागायचं. लिंबू अर्धं कापून, साल उलटी करून त्यात तुपाची वात लावायची, असा तिथला राहुकाळातला दिवा. आई उन्हातून लाल होऊन आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "उद्या जाऊ. तीही येऊ दे. सरी?"

कचेरीत आईला बघून अधिकारी उठून उभे राहिले. "कूत्कोळ्ळी, अम्मा," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची सरकवली. आई डोक्यावरचा पदर सारखा करून खुर्चीच्या काठावर बसली. मी आणि वहिनी मागे उभ्या. बोलणं सगळं कानडीत चाललं होतं. वहिनीला त्यातलं काही कळत नव्हतं. ती हात मागे बांधून उभी होती.

"अम्मा, या तुमच्या सूनबाई कधीपासून?"

आई काय म्हणेल, याचा मला खरंच अंदाज नव्हता.

"भाद्रपद अमावास्येपासून," आई म्हणाली.

त्यांनी लेखणी टेकवली होती, ती उचलली. "महालय अमावास्या?"

"हो."

मला क्षणभर समजलंच नाही. महालय, म्हणजे सर्वपित्री. पितृपक्षाचा शेवटचा दिवस, ज्या दिवशी घरोघरी मेलेल्या माणसांची पानं मांडतात आणि साधं नवं कापडसुद्धा कुणी विकत आणत नाही. अण्णाच्या पत्रातली तारीख मी दोनदा वाचली होती. ती कुठल्या तिथीला येते हे बघायचं मला सुचलं नव्हतं. ते बघणारी एकच व्यक्ती घरात होती.

आई टेबलाकडे बघत बोलत होती, आवाज एकसारखा. "त्या दिवशी माझ्या घरात मुलांच्या वडिलांचं पान मांडलं होतं. मुलगा परदेशात, म्हणून दिरांनी पिंड दिले. सकाळपासून मी सोवळ्यात स्वयंपाक केला. आणि त्याच दिवशी तिकडं पोरगा लग्नाला उभा राहिला. त्याला काय ठाऊक? तिकडं पंचांग कुठलं? पत्र आलं तेव्हा मी बघितलं. मग रात्री परत बघितलं, चुकले असेन म्हणून." ती थांबली. "कुणाला सांगू? मुलाला सांगितलं असतं तर हसला असता. ही माझी मुलगी तर भांडली असती. आणि तिला सांगितलं असतं तर ती घाबरली असती. परक्या घरात आलेली पोर, तिला काय म्हणून सांगायचं, की तुझ्या लग्नाचा दिवस असा आहे? त्यापेक्षा मला हट्टी म्हणू देत म्हटलं. ते म्हणालेच."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"चांगला मुहूर्त येईपर्यंत दोघांना वेगळं ठेवलं. मग नव्यानं लावलं. तो जर्मन कागद द्यायला मीच नको म्हणाले, त्याच्यावर ती तारीख आहे. लग्न झालेलंच होतं, साहेब. ते मी कधी नाही म्हणाले नाही मनात. दिवस वाईट होता. मी दिवस बदलला. बाई नाही बदलली."

मग ते म्हणाले, "सरी अम्मा. इष्टेना?" बरं, एवढंच ना?

"एवढंच."

त्यांनी चष्मा लावला आणि मला विचारलं, टायपिंग येतं ना तुला? अर्ज तूच केलेला दिसतोय, चुका नाहीत त्यात. त्यांचा टायपिस्ट जेवायला गेला होता. मी त्यांच्या मशीनवर बसले आणि ते सांगतील तसं इंग्रजीत उतरवत गेले: आधीच विवाहित असलेल्या पतिपत्नींसाठी, अशुभ दिवसाच्या शांतीकरता, घरी केलेला धार्मिक विधी, नवा विवाह नव्हे, नाव घरगुती वापराचं. माझी बोटं चांगली चालायची, पण त्या दिवशी मी तीनदा कागद बदलला. आईनं खाली कानडीत सही केली. ती सावकाश सही करायची, एकेक अक्षर पूर्ण करून.

वहिनी माझ्या कानाशी वाकली. "काय म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं. मला ते सांगणं जड गेलं, कारण आधी मला माझंच वाक्य खोडावं लागलं. मी म्हटलं, आईनं तुझं लग्न पहिल्या दिवसापासून मानलं होतं. मी तुला चुकीचं सांगितलं. मग त्या दिवसाचं सांगितलं. इंग्रजीत त्याला शब्द नव्हता, म्हणून जमेल तसं म्हटलं: त्या दिवशी मेलेली माणसं घरी जेवायला येतात. आणि ज्यांच्या मरणाचा दिवस कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तर तोच एक दिवस असतो. म्हणून त्या दिवशी लग्न करत नाहीत.

मला वाटलं ती घाबरेल. आईनं जिची एवढी काळजी केली होती ती भीती आता हिच्या तोंडावर दिसेल, म्हणून मी बघत राहिले. वहिनी टेबलाजवळ गेली. तिचे मागे बांधलेले हात सुटले. तिनं आईकडे वाकून, वहीतून शिकलेल्या मराठीत, शब्द जोडत जोडत म्हटलं, "मग माझे बाबा पण आले. लग्नाला."

आईनं तिच्याकडे बघितलं. त्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

"आले असतील," आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. "आले असतील की."

परवानगी आठव्या दिवशी आली, एका वर्षाची. पासपोर्टवरच्या नावानं. पुढे दर वर्षी ती वाढवायला आई वहिनीबरोबर जायची, गरज नसताना. तांदळावरचं नाव कुठल्याच सरकारी कागदावर पुन्हा आलं नाही. आईनं मात्र मरेपर्यंत वहिनीला त्याच नावानं हाक मारली.

कचेरीतून परतताना आम्ही टांगा केला. आईनं वहिनीला तिच्या वडिलांचं नाव विचारलं. तोंडात बसेना, तेव्हा दोनदा, तीनदा म्हणून घेतलं. बैलाच्या देवळापर्यंत तिला ते बरोबर म्हणता यायला लागलं. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

भाद्रपदात सर्वपित्री आली. आमच्याकडं त्या दिवशी तीन पानं मांडायची पद्धत. आईनं चार मांडली. भटजी तर्पण सांगत होते, अण्णा पाणी सोडत होता. सासऱ्याचं तर्पण जावयानं करायला शास्त्राची हरकत नसते, हे आईनं आधीच विचारून ठेवलं होतं. भटजींनी नाव विचारलं, तेव्हा अण्णा अडखळला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आईनं ते स्पष्ट सांगितलं. "गोत्र?" भटजींनी विचारलं. "ठाऊक नसलं की कश्यप घालतात ना? घाला," आई म्हणाली.

वहिनी माझ्याशेजारी उभी होती. सायकलवाल्याचा फोटो तिनं आणला होता, तो हातात धरला होता.

आई वाढायला आली. वडे, खीर, कारलं, भोपळा, सगळं नेहमीचं. आमच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात बटाटा कधी शिजला नव्हता. बटाटा, कोबी असलं बाहेरून आलेलं त्या दिवशी घरातसुद्धा नको असायचं. आईनं शेवटच्या चौथ्या पानावर, फक्त त्या एका पानावर, उकडलेल्या बटाट्याची भाजी वाढली. भटजींनी पळी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडं चालतो," आई म्हणाली आणि तूप आणायला आत गेली.